मदत हवी आहे: बोट नांगरावर असताना फ्रिजला बॅटरी पुरत नाही
हिवाळाभर उष्ण समुद्रात, शिडाच्या बोटीवर दोघांचा मुक्काम. १२ व्होल्टचा फ्रिज ५ अँपिअर खेचतो. पाणीच २८ अंश, त्यामुळे कॉम्प्रेसर निम्म्याहून जास्त वेळ चालू, म्हणजे दिवसाला ६० अँपिअर-तासांच्या वर. एजीएम (सीलबंद लेड-अ‍ॅसिड) बॅटऱ्या १०० अँपिअर-तासांच्या दोन. निम्म्याखाली उतरवायच्या नाहीत. सोलर २०० वॅट, पण बूमची (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची) सावली एका कोपऱ्यावर पडली तरी चार्जिंग कोसळतं. पहाटे व्होल्टेज ११.९.

लिथियम बॅटरी बसवायचा विचार आहे. पण ती करंट भरमसाट ओढते, इंजिन मंद चालताना अल्टरनेटर (इंजिनवर चालणारं चार्जिंगचं यंत्र) तापून जळू शकतो. बीएमएसने (लिथियम बॅटरीतलं संरक्षक सर्किट) मधेच कनेक्शन तोडलं तर अल्टरनेटरचे डायोडही जळतात. मग करंटला मर्यादा घालणारा ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर पुरेल, की अल्टरनेटरला बाहेरचा रेग्युलेटर आणि तापमान सेन्सरच हवा? स्टार्टर बॅटरी वेगळी आहे. (जनरेटर सुचवू नका, तो आवाज नको.)