इंग्लंडात रानातले ससे मिळतायत, सोलायचे आणि शिजवायचे कसे?

निळीछत्री
नमस्कार मंडळी. आम्ही लिंकनशायरमध्ये राहतो. शेजारच्या शेतकऱ्याच्या गव्हाची कड सशांनी पार खाऊन टाकली आहे. तो एअर रायफलने ससे मारतो आणि हवे तर दोन-तीन घेऊन जा म्हणतो. ससे अख्खे मिळणार, कातड्यासकट, पोट न फाडलेले. कोंबडी आणि मासे घरी साफ करायची सवय आहे, पण सशाला कधी हात लावलेला नाही. पोट किती वेळात साफ करावं लागतं? कातडं सुरीने सोलायचं की ओढून? रोगट ससा कसा ओळखायचा? रस्सा करायचा तर मटणाचंच माप चालेल का?
भारतात रानसशाची शिकार गुन्हा आहे हे ठाऊक आहे. विचारतोय ते फक्त इथल्या सशांबद्दल.

रानवाट
आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण इंग्रजीत हेअर आणि रॅबिट असे दोन वेगळे प्राणी आहेत, मराठीत दोन्हीला ससाच म्हणतात. आपल्याकडे माळावर दिसतो तो हेअर, उघड्यावर राहणारा, लांब पायांचा. त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवून जन्मतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. तुमच्या शेजाऱ्याच्या शेतातला ससा म्हणजे रॅबिट, बिळात राहणारा, आकाराने लहान, पिल्लं उघडी-आंधळी. मांसातही फरक आहे. याचं मांस कोंबडीच्या तंगडीसारखं फिकट गुलाबी, तर माळावरच्या जातीचं काळपट लाल. म्हणून इंग्रजी पाककृती वाचताना कुठल्या सशाची आहे ते बघा, शिजायचा वेळ आणि मसाला दोन्ही बदलतात.

आता कामाचं. ससा पडल्यावर पहिलं काम मूत्राशय रिकामं करणं. डोकं वर धरून ससा उभा लटकवा आणि अंगठ्याने पोटाच्या खालच्या भागावरून शेपटीकडे दाबत न्या. लघवी बाहेर पडते. हे राहून गेलं तर पोट फाडताना पिशवी फुटते आणि मागच्या मांड्यांना लागलेला वास धुऊन जात नाही. शेजाऱ्याला सांगून ठेवा, हे त्याने जागेवरच केलेलं चांगलं.

पोट शक्यतो तासाभरात साफ व्हावं. उन्हाळ्यात तर लगेच. सशाच्या पोटात गवत आंबवणारी मोठी पिशवी असते, मेल्यावरही तिथे आंबणं चालू राहतं, पोट फुगतं आणि वास मांसात उतरतो. थंडीत दोन-तीन तास निभावतात. गरम ससा प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही घालू नका, आतली ऊब तशीच कोंडून राहते आणि पोटाकडचं मांस हिरवट पडतं. मागच्या एका पायाची शीर आणि हाड यांच्यामध्ये चीर देऊन त्यातून दुसरा पाय ओवायचा आणि सावलीत, वाऱ्यावर टांगायचा. ससा थंड होत गेला की पिसवा स्वतःच सोडून जातात, म्हणून टांगायचं ते घराबाहेर.

आज पोट साफ केलं आणि कातडं उद्या काढणार असाल तर कातडं अंगावरच राहू द्या. मांस सुकत नाही, मळतही नाही.

सुरीधार
पोट फाडण्याबद्दल सविस्तर लिहितो, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

सुरी लहान घ्या, आठ-नऊ सेंटीमीटर पात्याची, टोकदार आणि न वाकणारी. मासे सोलायची लवचीक सुरी नको. सोबत कोंबडी कापायची मजबूत कात्री किंवा फक्त याच कामासाठी ठेवलेली बागेची कात्री.

ससा उताणा ठेवा. छातीचं हाड जिथे संपतं तिथली चामडी दोन बोटांच्या चिमटीत धरून वर उचला, म्हणजे आतडी खाली राहतात. नखाएवढी चीर द्या. त्या चिरेत दोन बोटं घाला आणि दोन बोटांच्या मधून, धार वर करून, सुरी शेपटीकडे न्या. धार खाली केली की आतडं फाटलंच. आत सगळ्यात मोठी, गुंडाळलेली, काळपट हिरवी पिशवी दिसते. तीच ती आंबवणारी. भिंत अगदी पातळ असते. तिला ओढायचं नाही. बोटं बरगड्यांच्या बाजूने आत घालून जठर अडकवा आणि सगळं एकदम शेपटीकडे ओढून घ्या. सगळा गोळा एका झटक्यात बाहेर येतो. गुर्दे पाठीला चरबीत चिकटून राहतात, ते ठेवा.

काळजाला (म्हणजे यकृताला) लागून गडद हिरवी, वाटाण्याएवढी पित्ताची पिशवी असते. ती चिमटीने उपटू नका. तिच्याभोवतीचा काळजाचा थोडा भाग सुरीने कापून पिशवीसकट टाकून द्या. पित्त सांडलं तर काळीज कडू होतं आणि ते धुऊन जात नाही. मग छाती आणि पोट यांच्यामधला पडदा फाडून हृदय आणि फुप्फुसं काढा. शेवटी मांड्यांच्या मधलं हाड कात्रीने फोडा, कारण आत तीन-चार लेंड्या हमखास राहिलेल्या असतात. त्या काढून गुदद्वाराभोवतीचा भाग आणि शेजारच्या पिवळट ग्रंथी कापून टाका. त्यांचा उग्र वास रश्शात सरळ कळतो.

आतडं फुटलंच तर घाबरू नका. लगेच गार वाहत्या पाण्याखाली धरा, डाग लागलेला मांसाचा थर छिलून टाका. पाण्यात बुडवून मात्र ठेवू नका, घाण सगळीकडे पसरते.

निळीछत्री
फार उपयोगी पडेल. कातडं कसं काढायचं तेही असंच लिहाल का?

सुरीधार
सशाचं कातडं कोंबडीपेक्षा सोपं असतं, मांसाला फार सैल चिकटलेलं असतं. सुरी फक्त सुरुवातीला आणि टोकांना लागते, मधलं काम मुठीने करायचं.

पाय आधी सांध्यातून कापून घ्या, पुढचे मनगटाशी, मागचे घोट्याशी. मग पोटाच्या चिरेच्या एका बाजूने कातडं आणि मांस यांच्यामध्ये बोटं सरकवा. आत ओलसर, पांढरट, कोळ्याच्या जाळ्यासारखा थर दिसतो. बोटं त्या थरातून चालली पाहिजेत. कातड्याला लाल मांसाच्या पट्ट्या लागून यायला लागल्या तर तुम्ही फार खोल गेलात, थोडं कातड्याकडे सरका. एका कुशीकडून मूठ पाठीपर्यंत न्या, मग दुसऱ्या कुशीकडून, दोन्ही हात पाठीवर भेटले की कातड्याचा कमरपट्टा सुटा झाला. आता मागचा गुडघा आतून वर ढकला आणि पायमोजा काढतात तसं कातडं मांडीवरून उतरवा. दुसरी मांडी तशीच. शेपटीचं हाड कापा. मग मागचे पाय एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हाताने सगळं कातडं डोक्याकडे ओढा, स्वेटर उलटा काढल्यासारखं. खांद्यापाशी अडतं. तिथे पुढचे पाय एक-एक करून बाहेर काढा, आणि मानेशी पोचलात की डोक्यासकट कापून टाका.

केस हीच खरी डोकेदुखी. एक हात कातड्याचा, एक हात मांसाचा, असं ठरवून घ्या आणि शेवटपर्यंत मोडू नका. कातड्याचा हात मांसाला लागला की केस चिकटले. चिकटलेच तर लगेच पाणी ओतू नका, पाण्याने ते मांसावर लेपासारखे बसतात. आधी कोरड्या मांसावरून किंचित ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने एकाच दिशेने पुसा, उरलेले गॅसच्या ज्योतीवर क्षणभर फिरवून जाळा, आणि मगच धुवा.

पशुवैद्य_डर्बी
रोगाबद्दल मी लिहितो. हातमोजे घालाच, हाताला कापलेलं असेल तर नक्कीच. घरात कुणी गरोदर असेल तर तिने कच्चा ससा हाताळू नये.

ससा हातात घेतल्यावर पहिलं डोळ्यांकडे पाहा. पापण्या सुजलेल्या, डोळे चिकटलेले, कानांच्या बुडाशी आणि जननेंद्रियाशी गाठी, हा मिक्सोमॅटोसिस. हा रोग १९५३ मध्ये केंटमध्ये आढळला आणि देशभर पसरला. उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरद ऋतूत जास्त दिसतो. माणसाला होत नाही, पण असा ससा खायला घेऊ नये. पाठीचा कणा हाताला टोचत असेल, ससा नुसता सापळा असेल, नाकातून रक्त आलेलं असेल, तरी टाकून द्या.

पोट उघडल्यावर काळीज बघा. निरोगी काळीज गडद लालसर तपकिरी, चकचकीत, कडा धारदार. त्यावर पिवळट-पांढऱ्या गाठी किंवा रेघा असतील तर बहुधा कॉक्सिडिया या सूक्ष्म परजीवीचा प्रकार असतो, पण गाठी होण्याची इतर कारणंही आहेत आणि नुसत्या नजरेने ती वेगळी करता येत नाहीत. नवख्याने अख्खा ससा टाकावा. युरोपच्या मुख्य भूमीवर किंवा अमेरिकेत राहणाऱ्यांनी हा नियम अजून कडक पाळावा, तिथे सशांमधून ट्युलरेमिया हा जिवाणूंचा रोग माणसाला होतो. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सियस तापलं पाहिजे, सांध्याशी गुलाबी राहिलेला ससा खायचा नाही.

शॉटगनने मारलेला असेल तर शिशाचे छरे शोधा. मांसात काळपट भोक आणि त्यात ओढला गेलेला केसांचा पुंजका दिसतो. तेवढा भाग भोवतीच्या काळ्या-निळ्या रक्तासकट कापून टाका. लहान मुलं आणि गरोदर बायकांनी शिशाच्या छऱ्याने मारलेली शिकार टाळावी. तुमचा शेजारी एअर रायफलने डोक्यात मारत असेल तर हा प्रश्न जवळपास मिटतो.

खेडचीसून
आता चुलीकडचं माझ्याकडे. निळीछत्री, मटणाचं माप चालणार नाही आणि मटणासारखे तुकडेही करू नका. सशाची हाडं बारीक आणि काचेसारखी ठिसूळ असतात. कोयत्याने खटाखट तोडली की सुईसारख्या कपच्या उडतात आणि रश्शात घशाला लागतात. सांध्यातूनच सोडवा. पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नसतात, खांद्याच्या चपट्या हाडामागून सुरी फिरवली की पाय हातात. मागची मांडी बाहेर उलटी वाकवा, खुब्याचा गोळा टक्कन निघतो, तिथून कापा. मग उरते पाठ. तिच्या बरगड्या वेगळ्या काढा आणि मधला मांसल भाग मणक्यांच्या सांध्यात दोन किंवा तीन ठिकाणी कापा. पाठीवर चंदेरी पडदा असतो, त्याखालून सुरीचं टोक सरकवून तो सोलून घ्या, नाहीतर शिजताना आकसून मांस वाकडं करतो.

सोलल्यावर लगेच शिजवू नका. काही तासांत अंग ताठ होतं आणि तेव्हा शिजवलं तर रबर होतो. एक ते दोन दिवस फ्रिजमध्ये, झाकून.

कोवळा की जून ते बघा. कोवळ्याचे कान बोटांनी सहज फाटतात, नखं टोकदार आणि गुळगुळीत. जुन्याचे कान जाड, नखं बोथट, खडबडीत. दोन्ही एकाच पातेल्यात टाकू नका.

साफ केलेला मोठा ससा साधारण पाऊण किलो भरतो. दोन सशांसाठी: तीन मध्यम कांदे, ५० ग्रॅम सुकं खोबरं, दोन चमचे धणे, एक चमचा तीळ, एक चमचा खसखस, बोटभर आलं, पंधरा लसूण पाकळ्या, तीन चमचे कांदा-लसूण मसाला. कांदा-खोबरं काळसर होईपर्यंत भाजून वाटायचं. आलं-लसूण, हळद, मीठ आणि अर्धी वाटी दही तीन-चार तास लावून ठेवायचं. पपई अजिबात नको, या मांसाचा वरचा थर पिठूळ होतो आणि आतला तसाच राहतो.

सशाला चरबी जवळजवळ नसते, म्हणून मटणाला घालता त्याच्या दीडपट तेल घाला. खाटकाकडून मूठभर मटणाची चरबी मिळाली तर आधी ती वितळवून घ्या, रश्शाला तवंगही चांगला येतो.

आधी फक्त मागच्या मांड्या आणि पुढचे पाय. मंद आचेवर, झाकण ठेवून, कोवळ्याला पन्नास मिनिटं, जुन्याला दीड ते दोन तास. पाठीचे तुकडे शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत टाकायचे. सगळं एकदम टाकलं तर मांड्या शिजेपर्यंत पाठ भुशासारखी कोरडी होते, आणि मग लोक म्हणतात सशाला चव नाही. जुन्याच्या मांड्या कुकरमध्ये चार शिट्ट्या चालतील. पाठ कुकरात कधीच नाही.

रानवाट
ताईंच्या मापाला एकच जोड. रानातल्या वासाची सवय नसेल तर एक लिटर गार पाण्यात ४० ग्रॅम मीठ घालून तुकडे सहा-आठ तास फ्रिजमध्ये ठेवा. रक्त उतरतं, मांस ओलसर राहतं. मग मसाल्यात मीठ अर्धंच.

सुरीधार
कोवळ्याला मी मिठाचं पाणी लावणार नाही. नाजूक चव तिथेच निघून जाते. जुन्याला आणि रक्त साकळलेल्या तुकड्यांना मात्र जरूर.

निळीछत्री
दोन ससे आले. एक ताठ आणि पूर्ण गार झालेला, त्याचं कातडं मुठीने सुटतच नाही. दुसऱ्याच्या आतड्यांवर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पारदर्शक फोड आहेत, आठ-दहा. काळीज स्वच्छ दिसतंय, ससा धष्टपुष्ट आहे. काय करू?

सुरीधार
गार सशाचं कातडं चिकटतंच. पाठीच्या मध्यावर कातडं चिमटीत उचलून आडवी चीर द्या, दोन्ही हातांची दोन-दोन बोटं आत घाला आणि एक बाजू डोक्याकडे, एक शेपटीकडे, एकदम जोर लावून ओढा. मधला भाग सुटला की बाकीचं नेहमीसारखं. पोटाकडची चामडी पातळ असते, तिथे जोर न लावता अंगठ्याने हळूहळू सोडवा.

पशुवैद्य_डर्बी
ते कुत्र्याच्या पट्टकृमीच्या अळ्यांचे फोड आहेत. सशांमध्ये नेहमी सापडतात, माणसाला त्यांच्यापासून हा कृमी होत नाही. आतड्यांसोबत फोड टाकून द्या, मांस वापरता येईल. पाठीच्या किंवा मांडीच्या मांसातच मोठा पाणीदार फोड दिसला तर तो ससा नको. आणि ही आतडी कुत्र्याला कच्ची घालू नका, कृमी त्याच्याच पोटात वाढतो. शेजाऱ्यालाही सांगा, शेतावरच्या कुत्र्यांना वेळेवर जंताचं औषध द्यायला.

खेडचीसून
बरगड्या आणि पोटाच्या पातळ पट्ट्या फेकू नका हं. एक कांदा, चार मिरी, तमालपत्र घालून दीड तास उकळा आणि फडक्यातून गाळा, हाडाची कपची राहता कामा नये. रश्शात साध्या पाण्याऐवजी तेच घाला.