बेळगावचा बंदूक परवाना आणि ऐरोलीची नोकरी: राज्य बदलताना नेमके काय करावे?

खानापूरकर (सध्या मुक्काम ऐरोली)

नमस्कार. माझे मूळ गाव बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात असून नोकरीनिमित्त मी नुकताच ऐरोलीला राहायला आलो आहे. माझ्या नावावर बारा बोरची एक दुनळी बंदूक आहे. वडिलांनी सत्तरी ओलांडल्यावर त्यांचा परवाना वारस म्हणून माझ्याकडे आला. तो बेळगावच्या जिल्हाधिकारी कार्यालयाने दिलेला आहे, प्रयोजन आत्मसंरक्षण असे लिहिलेले आहे आणि क्षेत्राच्या रकान्यात फक्त ‘कर्नाटक राज्य’ अशी नोंद आहे. परवान्याची मुदत संपायला अजून दोन वर्षांहून अधिक काळ आहे आणि त्यावर यूआयएन (प्रत्येक परवानाधारकाला मिळणारा विशिष्ट ओळख क्रमांक) देखील आहे. बंदूक सध्या गावच्या घरी लोखंडी कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली वडिलांकडे असते.

ऑफिसात विचारले तर प्रत्येकाचे मत वेगळे. एकाने सांगितले की प्रत्येक राज्याचा बंदुकीचा कायदा निराळा असतो, त्यामुळे महाराष्ट्रात नवाच परवाना काढावा लागेल. दुसऱ्याच्या मते तीस दिवसांची सवलत असते, तेव्हा बंदूक गाडीत घालून आणावी आणि मग सावकाश पोलिसांना कळवावे. तिसऱ्याने तर हा विषयच काढू नका, असा सल्ला दिला. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे किंवा ज्यांना कायद्याची माहिती आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. बंदूक इकडे आणण्याची मला घाई नाही, परंतु ती बेकायदा ठरेल असे काही माझ्या हातून होऊ नये एवढीच इच्छा आहे.

निवृत्त सुभेदार, कोलशेत

खानापूरकर, सर्वप्रथम तुमचे अभिनंदन, कारण बहुतेक जण आधी बंदूक आणतात आणि मग प्रश्न विचारतात.

माझ्या परवान्यावर संपूर्ण भारताची वैधता आहे, त्यामुळे निवृत्तीनंतर ठाण्यात स्थायिक होताना मला फक्त पत्ता बदलाची नोंद करून घ्यावी लागली. परंतु माझे उदाहरण तुम्ही घेऊ नये. सैन्यदलातील लोक, अखिल भारतीय सेवांतील अधिकारी, देशभर कोठेही बदली होऊ शकते असे अधिकारी आणि मान्यताप्राप्त नेमबाज अशा मंडळींना ही देशव्यापी वैधता मिळते. खासगी नोकरीत शहर बदलले म्हणून ती आपोआप मिळत नाही. तुमच्या परवान्यावर कर्नाटक लिहिलेले आहे, याचा अर्थ पुणे-बंगळुरू महामार्गाने येताना कोगनोळीच्या नाक्यापर्यंत तुम्ही परवानाधारक आहात आणि पुढे कागलला पोहोचलात की तुमच्या गाडीत विनापरवाना शस्त्र आहे. मध्ये अंतर किती, तर काही मिनिटांचे.

म्हणून आधी कागद हलवा, बंदूक नंतर. तोपर्यंत ती बेळगावातच एखाद्या परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे ठेव म्हणून जमा करा. मात्र त्याच्याकडे शस्त्रे सुरक्षित ठेवून घेण्याचाही परवाना आहे याची खात्री करून घ्या.

वकील, ठाणे न्यायालय

सुभेदारसाहेबांचा सल्ला योग्य आहे. त्यामागचा कायदा थोडा उलगडून सांगते, कारण तुमच्या सहकाऱ्यांच्या बोलण्यात दोन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

राज्यागणिक बंदुकीचा कायदा वेगळा, ही समजूत आपल्याकडे अमेरिकेच्या बातम्यांवरून आलेली असावी. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६ हे केंद्राचे आहेत आणि ते बेळगावला जसे लागू आहेत तसेच ऐरोलीला. ठळक अपवाद सांगायचा तर तो तुमच्या कर्नाटकातच आहे: कोडगूमधील कोडव समाजाला आणि तेथील जम्मा (म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या) जमीनधारकांना काही शस्त्रांसाठी परवान्यातून सूट आहे आणि केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवलेली आहे. तुमच्या बाबतीत कायदा बदलत नाही. बदलते ती परवान्याची हद्द, आणि हद्द बदलली की ज्याच्याकडे अर्ज करायचा तो अधिकारीही बदलतो.

आता तीस दिवसांविषयी. परवानाधारकाने कायमचे किंवा सलग तीस दिवसांहून अधिक काळासाठी निवासस्थान बदलले आणि शस्त्र सोबत नेले, तर त्याने तीस दिवसांच्या आत नव्या ठिकाणच्या परवाना प्राधिकाऱ्याला, तसेच ज्याने परवाना दिला किंवा शेवटचे नूतनीकरण केले त्या प्राधिकाऱ्यालाही कळवणे बंधनकारक आहे. ही मुदत कळवण्यासाठी आहे. क्षेत्राच्या रकान्यात जे राज्य नाही तेथे तीस दिवस शस्त्र बाळगण्याची ती मुभा नव्हे. ज्याचा परवाना संपूर्ण महाराष्ट्रासाठी आहे आणि जो साताऱ्याहून ठाण्यात आला आहे, त्याला या मुदतीचा सरळ उपयोग होतो. तुम्हाला होत नाही. फरक किती गंभीर आहे ते शिक्षेवरून दिसते. परवान्याच्या अटींचा भंग झाला तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परंतु परवान्याशिवाय शस्त्र बाळगल्याचा ठपका आला तर कलम २५ लागते आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर तेथे किमान दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे कैदेची तरतूद आहे. हद्दीबाहेर सापडलेले शस्त्र यांपैकी कोणत्या कलमात बसवायचे, यावर न्यायालयात वाद घालता येतो, पण तो वाद तुम्ही आरोपी म्हणून घालावा असे मला वाटत नाही.

तुमच्या प्रश्नात जी गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, तिची मला अधिक काळजी वाटते. परवाना तुमच्या नावावर, तुम्ही ऐरोलीत आणि कपाटाची किल्ली वडिलांकडे. वडिलांचा परवाना तुमच्याकडे आला त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने त्या बंदुकीवर त्यांचा ताबा असू शकत नाही. आयुष्यभर त्यांनीच ती सांभाळली, हे खरे असले तरी तो बचाव ठरत नाही. तुम्ही गावी राहत होता तोवर प्रश्न नव्हता, आता आहे. तेव्हा या किंवा पुढच्या शनिवारी गावी जाऊन बंदूक आणि काडतुसे दोन्ही विक्रेत्याकडे जमा करा. बाकीचे अर्ज त्यानंतर केले तरी चालतील.

अर्जांचा क्रम असा असावा. बेळगावच्या जिल्हाधिकारी कार्यालयात दोन गोष्टी मागा: कलम १७ च्या पोटकलम २ खाली परवान्यातील क्षेत्रात महाराष्ट्राचा समावेश, आणि निवास बदलल्यामुळे परवान्याची नोंद नव्या प्राधिकाऱ्याकडे वर्ग करणे. यूआयएन असल्यामुळे तुमची माहिती राष्ट्रीय प्रणालीत आहेच, त्यामुळे नवा परवाना काढण्याची गरज नाही. तुमचा नवा प्राधिकारी कोण, यावर मात्र अनेकांची गल्लत होते. ऐरोली ठाणे जिल्ह्यात आहे म्हणून लोक ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जातात, तेथून त्यांना ठाणे पोलीस आयुक्तालयात पाठवले जाते आणि तेथे गेल्यावर कळते की आपण नवी मुंबईचे आहोत. जेथे पोलीस आयुक्त नेमलेले आहेत तेथे कायद्यानुसार ‘जिल्हा दंडाधिकारी’ म्हणजे पोलीस आयुक्त, आणि ऐरोली नवी मुंबई आयुक्तालयात येते. खारघर किंवा पनवेलला राहणाऱ्यांचा महसुली जिल्हा रायगड, पण परवान्यासाठी तेही सीबीडी बेलापूरच्या याच आयुक्तालयात. उलट मुरबाड किंवा शहापूरच्या माणसाला ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडेच जावे लागते.

पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार जोडा. नोटरीच्या शिक्क्यावरचा करार येथे चालेल असे गृहीत धरू नका, कारण महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी सक्तीचीच आहे. जुन्या परवाना पुस्तिकेत कन्नडमध्ये नोंदी असतील तर त्यांचे प्रमाणित भाषांतर सोबत ठेवा.

नेमबाज, कल्याण

वकीलताईंनी कायदा नेमका मांडला आहे. व्यवहाराची बाजू मी जोडतो.

विक्रेत्याकडे ठेवणे हा तात्पुरता उपाय आहे, हे विसरू नका. त्याचे भाडे लागते, आणि ठेवीतल्या बंदुकीला कोणी तेल देत बसत नाही. दुनळीच्या नळ्यांत आतून गंज धरला तर तो वरून दिसत नाही. नळ्या उजेडाकडे धरून पाहिल्यावरच कळतो. म्हणून अर्जाचा पाठपुरावा करत राहा. दोन कार्यालये आणि दोन राज्ये यांच्यामध्ये फाईल अडकली की ती आपण विचारल्याशिवाय हलत नाही, हा आम्हा खेळाडूंचा नेहमीचा अनुभव आहे. परवाना आता पाच वर्षांसाठी असतो, पूर्वी तीन होता. तुमची दोन वर्षे शिल्लक आहेत ती भरपूर वाटतील, पण नूतनीकरणाची वेळ बदलीच्या मध्येच आली तर अर्ज कोणाकडे करायचा याचाच घोळ होतो.

पडताळणीसाठी स्थानिक पोलीस ठाण्यातून माणूस घरी येईल आणि बंदूक कोठे ठेवणार हे विचारेल. भाड्याच्या फ्लॅटमध्ये घरमालकाच्या लाकडी कपाटाकडे बोट दाखवू नका. भिंतीला बोल्टने पक्की केलेली छोटी लोखंडी तिजोरी असावी आणि त्यासाठी घरमालकाची लेखी संमती आधीच घेतलेली असावी. शिवाय ‘ऐरोलीत बंदुकीची गरज काय’ हा प्रश्न येणारच, त्याचे खरे उत्तर तयार ठेवा.

परवानगी हातात आल्यावर प्रवास कसा करायचा, तेही सांगतो. दुनळीच्या नळ्या, पुढचा लाकडी भाग आणि दस्ता सुटे करून कुलूपबंद पेटीत ठेवा, काडतुसे वेगळ्या पेटीत, आणि मूळ परवाना अंगावर. झेरॉक्स चालत नाही. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र आवरणाशिवाय नेण्यास नियमांनीच मनाई आहे, त्यामुळे वाटेत धाब्यावर पेटी उघडून कोणाला दाखवण्याचा मोह टाळा. हसू नका, असे लोक मी पाहिले आहेत.

घोडबंदरवासी

इतकी उठाठेव करण्यापेक्षा बंदूक विकून टाकावी. सोसायटीच्या चौदाव्या मजल्यावर तिचा उपयोग तरी काय? शेतात रानडुकरे येतात तेथे ठीक आहे.

निवृत्त सुभेदार, कोलशेत

घोडबंदरवासी, विकणे हा पर्याय आहेच, पण खानापूरकरांनी तो विचारलेला नाही. रानडुकरांचे म्हणाल तर पीक संरक्षणाचा परवाना हा वेगळा प्रकार आहे. तो शेतीच्या गरजेशी जोडलेला असतो आणि तसा परवाना घेऊन शहरात येण्यास अर्थच उरत नाही. यांचा परवाना आत्मसंरक्षणाचा आहे, म्हणून तर बदलीचा विचार करता येतो.

मुलुंड चेकनाका

वकीलताईंनी अमेरिकेचा उल्लेख केला म्हणून लिहितो. माझा भाऊ अमेरिकेचा नागरिक असून नोकरीसाठी टेक्सासमधून न्यू जर्सीला गेला, आणि तेथे खरोखरच कायदा बदलतो. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने अपात्र नसलेल्या एकवीस वर्षांवरील व्यक्तीला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगून बाहेर जाता येते. न्यू जर्सीत पिस्तूल विकत घेण्यासाठीच पोलिसांची पूर्वपरवानगी लागते, आणि दहापेक्षा अधिक गोळ्या मावतील अशी मॅगझिन जवळ असणे हाच गुन्हा आहे. भावाने तशा मॅगझिन टेक्सासमध्येच विकून टाकल्या. वाटेतल्या राज्यांसाठी १९८६ चा एक संघीय कायदा उपयोगी पडतो. निघतो तेथे आणि पोहोचतो तेथे शस्त्र कायदेशीर असेल, ते रिकामे असेल आणि गाडीत चटकन हाताशी येणार नाही असे ठेवलेले असेल, तर मधल्या राज्यांतून जाता येते.

आणखी एक गोष्ट, कारण येथील अनेकांची मुले तिकडे आहेत. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला तेथे बंदूक किंवा गोळ्या बाळगण्यास संघीय कायद्यानेच मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यांसारखे मोजके अपवाद आहेत. मित्रांसोबत दुकानात जाऊन हौसेने खरेदी करण्यापूर्वी मुलांनी हे लक्षात घ्यावे. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही विशिष्ट मनाई राहत नाही.

खानापूरकर (सध्या मुक्काम ऐरोली)

सर्वांचे मनापासून आभार. किल्लीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. येत्या शनिवारी गावी जाऊन बंदूक बेळगावच्या विक्रेत्याकडे जमा करतो आणि सोमवारची रजा टाकून जिल्हाधिकारी कार्यालयात दोन्ही अर्ज देऊन येतो. वडिलांना हे पटवणे अर्जापेक्षा अवघड जाईल असे दिसते.

दोन शंका उरल्या आहेत. जमा करताना कोणती काळजी घ्यावी? आणि नोंद नवी मुंबईला वर्ग झाल्यावर निवडणुकीच्या काळात बंदूक कोठे जमा करावी लागेल?

वकील, ठाणे न्यायालय

पावतीवर बंदुकीचा प्रकार, बोर, नळीवरचा क्रमांक, परवान्याचा यूआयएन, काडतुसांची नेमकी संख्या आणि जमा केल्याची तारीख हे सगळे असलेच पाहिजे. पावती घेण्यापूर्वी नळीवर कोरलेला क्रमांक परवान्यातील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहा. जुन्या बंदुकांच्या बाबतीत वारसाच्या नावावर करताना एखादा आकडा चुकीचा उतरलेला असतो आणि तो नेमका बदलीच्या वेळी उघड होतो. तसे आढळले तर क्षेत्रवाढीच्या अर्जाबरोबरच दुरुस्तीचा अर्ज द्या, कारण चुकीच्या क्रमांकानिशी नोंद एकदा नव्या आयुक्तालयात गेली की दुरुस्तीसाठी पुन्हा बेळगाव गाठावे लागेल. पावतीची एक प्रत दोन्ही अर्जांना जोडा.

निवडणुकीच्या वेळी, नोंद जेथे असेल तेथील छाननी समिती परवान्यांचा आढावा घेते आणि ज्यांना नोटीस येते त्यांनी शस्त्र जमा करायचे असते. नोटिशीतच ठिकाण आणि मुदत लिहिलेली असते. नोंद वर्ग होईपर्यंत अशी नोटीस तुमच्या खानापूरच्या पत्त्यावर जाईल, तेव्हा टपालाने काही सरकारी कागद आला तर लगेच फोन करायला वडिलांना सांगून ठेवा. बंदूक त्या वेळी विक्रेत्याकडे असली तरी नोटिशीला पावतीच्या प्रतीसह लेखी उत्तर द्यावेच.