वारली आजींचा माहितीपट: रेघा फुटतात, आवाज पंख्यात बुडतो

प्रश्न: डहाणूजवळच्या पाड्यावरच्या, ऐंशी ओलांडलेल्या चित्रकार आजींवर वीसेक मिनिटांचा माहितीपट करतोय. कारवीच्या कुडाचं घर, एकच दार, आत ट्यूबलाइट. चाचणीत गेरूवरच्या पांढऱ्या रेघा फुटल्या (जास्त उजेडाने तपशील उडाला), फ्रेममध्ये पट्टे सरकत होते, बोलणं पंख्याखाली दबलं. माणसं दोनच. काय बदलू?

उत्तर १: पट्टे ट्यूबचे आहेत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद ठेवा. ट्यूब बंदच केलीत तर आणखी चांगलं. आजींना दाराशी आडवं बसवा आणि अंधाऱ्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोलची शीट उभी करा.

रेघा फुटतात कारण गडद भिंत पाहून ऑटो एक्स्पोजर वर चढतं. मॅन्युअलवर या, झेब्रा (जास्त उजळ भागावर पट्टे दाखवणारी कॅमेऱ्यातली खूण) ९५ टक्क्यांना लावा, पण वाळलेल्या रेघेवर. तांदळाच्या पिठाची रेघ ओली असताना फिकी दिसते, वाळली की पांढरीशुभ्र. ओल्या रेघेवर मोजमाप घेतलंत की पुढे ती फुटणारच. ती पांढरी होत जाते तो वेळ कॅमेरा न हलवता पूर्ण टिपा. चित्रपटातला सगळ्यात सुंदर शॉट तोच असेल. त्या जमिनीवर बसून काढतात, तेव्हा ट्रायपॉडऐवजी तांदळाच्या पिशवीवर कॅमेरा ठेवा, नजरेच्या उंचीला. ॲपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) एफ ४ ते ५.६ ठेवा, एफ २ वर त्या जरा वाकल्या तरी फोकस जातो.

उत्तर २: पंखा बंद. उकडतं, म्हणून सकाळी लवकर, अर्ध्या तासाचे तुकडे करा. कॉलर माईक पदराखाली घासतो. पदर नसलेल्या बाजूला, छातीच्या हाडाजवळ टेपने पक्का करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. शेवटी मिनिटभर सगळ्यांनी गप्प बसून घराचा आवाज घ्या, नाहीतर एडिटिंगमध्ये जोड कळतात. ६४ जीबीचं कार्ड सेकंदाला १०० मेगाबिटच्या रेकॉर्डिंगवर जेमतेम ८५ मिनिटं पुरतं.

उत्तर ३: प्रश्न वारली बोलणाऱ्या नातवंडाला विचारू द्या, लेन्सला चिकटून बसवून. प्रमाण मराठीत विचारलंत तर आजी दोन शब्दांत आटपतील. बांबूची काडी चावून तिचा कुंचला करताना विचारलं तर हात चालू राहतात, बोलणं आपोआप येतं.

आणि कॅमेऱ्यासाठी लग्नाचा चौक (लग्नातलं विधीचं चौकोनी भिंतीचित्र) काढायला सांगू नका. तो लग्नघरी सवासिनी काढतात, धवलेरी (लग्न लावणारी स्त्री) गाते. पालघाट देवी त्यात बसते. घरात लग्न असेल तर परवानगी मागा, एरवी शेताचं, तारप्याच्या (फुंकून वाजवायच्या वाद्याच्या) नाचाचं चित्र चालेल.

प्रश्नकर्ता: चित्रं पोस्टरवर वापरली तर?

उत्तर ३: चित्राचा कॉपीराइट सहसा आजींचाच. चित्रीकरणाच्या संमतीत तो येत नाही. पोस्टरची परवानगी वेगळी लिहून घ्या, आणि ती त्यांच्या बोलीत वाचून दाखवतानाचा आवाजही रेकॉर्ड करा.