ए-४०१ चा प्रश्न : लॅपटॉपची कंपनी बदलावी का?
(सोसायटीच्या ग्रुपवरचा संवाद, २०२५ ची अखेर; नावांऐवजी फ्लॅटचे क्रमांक)

ए-४०१ :
सर्वांना नमस्कार. सचिवकाकांना विचारून एक वैयक्तिक प्रश्न ग्रुपवर मांडते आहे. मी मुंबई विद्यापीठात, कलिनाला भूगोलाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा लघुप्रबंध उल्हास नदीच्या पुरावर आहे. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, ते सर्वांना आठवत असेल. त्या पुराचा पसारा उपग्रहाच्या प्रतिमांवरून नकाशावर उतरवायचा आणि पाणी कुठे किती चढले असेल याचे संगणकावर केलेले गणित त्याच्याशी ताडून पाहायचे, असे कामाचे स्वरूप आहे.

हे सगळे दादाने २०१८ मध्ये घेतलेल्या लॅपटॉपवर चालले आहे. गेल्या महिन्यात त्याची डावी बिजागरी तुटली. आता झाकण उघडले की खालच्या बाजूचे प्लॅस्टिक उचकटते, आतली वायर दिसू लागते, आणि मी ती फट कागद लावायच्या मोठ्या काळ्या क्लिपने दाबून ठेवून काम करते. सेवा केंद्राने अख्खा सांगाडा बदलावा लागेल असे सांगून ११,००० रुपयांचा अंदाज दिला, आणि सुटा भाग यायला तीन आठवडे लागतील असेही सांगितले. दादाच्या याआधीच्या लॅपटॉपची, तोही याच कंपनीचा, हीच बाजू गेली होती. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण निम्म्या सोसायटीकडे तिचेच लॅपटॉप आहेत. ही कंपनी आता कायमची सोडावी आणि ॲपलचा मॅकबुक एअर घ्यावा, असे माझ्या मनाने जवळजवळ घेतले आहे. बाबांनी नव्वद हजारांपर्यंत तयारी दाखवली आहे. लघुप्रबंध एप्रिलअखेर सादर करायचा आहे. ज्यांनी अशी अदलाबदल केली आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

सी-६०४ :
अजिबात विचार करू नकोस, घेऊन टाक. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये इंटेलला बाजूला सारून स्वतःची चिप बसवायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून ऑफिसला जाताना मी चार्जर घरीच ठेवतो. तेरा इंची एअरचे वजन १.२४ किलो आहे, म्हणजे तुझ्या आताच्या लॅपटॉपच्या निम्म्याच्या आसपास. मार्च २०२५ मध्ये एम४ चिपचा एअर आला तेव्हा त्याची किंमत ९९,९०० पासून आणि विद्यार्थ्यांसाठी ८९,९०० पासून सुरू होत होती, त्यामुळे बाबांच्या आकड्यातही तो बसतो. पूर्वी सुरुवातीच्या मॉडेलला ८ जीबी मेमरी मिळायची. ऑक्टोबर २०२४ पासून ती १६ झाली, त्यामुळे तो जुना आक्षेपही आता उरलेला नाही.

ए-१०३ :
मला लॅपटॉपमधले काही कळत नाही. पण बावीस वर्षे मी शाळेला जाण्यासाठी डोंबिवलीहून सकाळची जलद लोकल पकडली आहे, म्हणून एक विचारते. तू कुर्ल्यापर्यंत बॅग पोटाशी धरून उभी असतेस ना? वाटेत डब्यात जी रेटारेटी होते, तिच्यात माझा स्टीलचा डबा दोनदा चेपला होता. मग तुझी बिजागरी कंपनीमुळे तुटली की लोकलमुळे, हे आधी ठरवायला नको का? नवा लॅपटॉपही त्याच डब्यातून जाणार आहे.

डी-५०२ :
काकूंचा प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे, म्हणून दुकान बंद केल्यावर जरा सविस्तर लिहितो. लॅमिंग्टन रोडला माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर बिजागरी गेलेले लॅपटॉप सतत येत असतात आणि त्यांत सगळ्या कंपन्या असतात. मोडते ती बिजागरी नव्हे. बिजागरी पोलादी असते आणि तिला काही होत नाही. तिचे स्क्रू ज्या बारीक पितळी नटांमध्ये बसतात, ते नट प्लॅस्टिकच्या खुंट्यांमध्ये रोवलेले असतात, आणि तुटतात त्या या खुंट्या. वर्षे जातात तशी बिजागरी आतून घट्ट होते. आपण झाकण एका कोपऱ्याला धरून उघडतो, म्हणजे सगळा जोर एका बाजूच्या दोन-तीन खुंट्यांवर पडतो, आणि एके दिवशी ‘कट्’ असा आवाज येतो. गर्दीत बॅग दाबली गेली की हे काम लवकर होते, एवढाच लोकलचा वाटा.

आता कंपनीविषयी. एकाच कंपनीची घरगुती वापराची मालिका वेगळी असते आणि कार्यालयांसाठी बनवलेली मालिका वेगळी असते. लेनोवोचा थिंकपॅड, एचपीचा एलिटबुक, डेलचा लॅटिट्यूड (२०२५ पासून ‘डेल प्रो’) ही दुसऱ्या प्रकारची उदाहरणे. झाकणावरचे नाव एकच असले तरी घरगुती मालिकेतल्या स्वस्त मॉडेलांमध्ये बिजागरीखाली बहुधा प्लॅस्टिक असते आणि कार्यालयीन मालिकेत धातूची चौकट मिळण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते. म्हणून एका कंपनीचा पंचेचाळीस हजारांचा लॅपटॉप मोडला की दुसरीचा पंचेचाळीस हजारांचा घेणाऱ्यांना मी सांगतो की तुम्ही फक्त नाव बदलत आहात. मॅकबुकचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो, त्यामुळे ही विशिष्ट मोडतोड त्यात होणार नाही, हे मात्र खरे.

बी-२०३ :
थिंकपॅडचा उल्लेख आला म्हणून सांगतो, तो मुळात १९९२ मध्ये आयबीएमने काढला आणि २००५ मध्ये आयबीएमचा तो सगळा विभागच लेनोवोने विकत घेतला. आमच्या बँकेत पाहणीसाठी येणाऱ्या साहेबांकडे तो काळा डबा असे आणि त्याला हात लावायची आमची हिंमत होत नसे. असो. मला वाटते, सर्वांनी उत्तरे दिली पण मुलीला मूळ प्रश्न कोणी विचारलाच नाही. बाळा, तुझ्या कामाला कोणती सॉफ्टवेअर लागतात आणि ती मॅकवर चालतात का, हे तुझ्या मार्गदर्शकांना विचारलेस का? कंपनी बदलणे आणि विंडोज सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तू दोन्ही एका झटक्यात करायला निघाली आहेस.

ए-४०१ :
काका, खरे सांगायचे तर विचारले नव्हते. आज दुपारी प्रयोगशाळेत बसून यादी केली. नकाशांसाठी मी क्यूजीआयएस वापरते. ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. पावसाळ्यातल्या प्रतिमा ढगांमुळे साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाकडून मिळत नाहीत, म्हणून सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाच्या प्रतिमा घ्याव्या लागतात. त्या ज्या ‘स्नॅप’ नावाच्या सॉफ्टवेअरमधून स्वच्छ करून घ्यायच्या, तेही युरोपीय अवकाश संस्थेने मोफत दिलेले आहे आणि तिन्हींवर चालते. तिथपर्यंत मी खुशीत होते.

अडचण पुढे आहे. नदीच्या पाण्याचे गणित ‘हेक-रास’वर होते. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने बनवलेले हे सॉफ्टवेअर मोफत आहे, पण त्याच्या ज्या खिडकीत मी नदीचे काटछेद भरते, ती फक्त विंडोजवर उघडते. विभागात शिकवतात ते नकाशांचे सॉफ्टवेअर आर्कजीआयएस प्रो हेही फक्त विंडोजचे. म्हणजे माझ्या कामाचा शेवटचा आणि सर्वांत नाजूक तुकडा मॅकवर थेट चालणार नाही.

सी-६०४ :
हे मला ठाऊक नव्हते. इंटेलच्या जुन्या मॅकवर ‘बूट कॅम्प’ ही ॲपलचीच सोय वापरून विंडोज स्वतंत्रपणे टाकता येत असे; ॲपलच्या स्वतःच्या चिपवर ती सोय नाही. मॅकच्या आत आभासी यंत्र बनवून त्यात विंडोजची एआरएम आवृत्ती, म्हणजे अशा चिपसाठीची विंडोज, चालवता येते, पण मग इंटेलसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर आतल्या आत भाषांतर होऊन चालणार, आणि १६ जीबी मेमरी दोन घरांत वाटली जाणार. एप्रिलमध्ये प्रबंध द्यायचा असताना मी माझ्या सख्ख्या बहिणीला हा खटाटोप करायला सांगणार नाही. शिवाय एअरला पंखा नसतो, त्यामुळे तासन्तास चालणारे गणित लावले की तो तापून स्वतःच वेग कमी करतो. काल लिहिलेले ‘घेऊन टाक’ मी मागे घेतो. मी माझ्या ईमेल आणि कोडच्या कामावरून बोललो होतो.

ए-१०३ :
मागे घेतले ते बरे केलेत. फराळाच्या पाककृतीवरून गेल्या दिवाळीत वाद झाला होता, तेव्हा कोणी काही मागे घेतले नव्हते.

ए-४०१ चे बाबा :
माझी एक शंका आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमच्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर असल्याने तो विंडोज ११ साठी पात्र नाही, असे मोठ्या मुलाने सांगितले. तसे असेल तर जुन्यावर एक रुपयाही घालणे म्हणजे पाण्यात घालणे नव्हे का? दुसरीकडे, गेल्या काही आठवड्यांत मेमरीचे भाव वाढल्याने नवे लॅपटॉप महागतील असेही ऐकतो आहे. तिच्या हातात काम असताना घाईने घेतलेली वस्तू पुढच्या पाच वर्षांच्या उपयोगाची असेल याची मला खात्री वाटत नाही, कारण एप्रिलनंतर ती पीएच.डी. करणार की नोकरी, हेच अजून ठरलेले नाही.

डी-५०२ :
दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. पात्रता आठव्या पिढीपासून आहे. मात्र घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटची एक वर्षाची मुदतवाढ दिली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालते. सेटिंग्जमध्ये जाऊन नाव नोंदवावे लागते. म्हणजे एप्रिल सुरक्षितपणे निभावतो.

दुरुस्तीचे सांगतो. सांगाडा बदलायची गरज नाही. तुटलेल्या खुंट्यांच्या जागी पितळी नट नव्याने बसवून इपॉक्सीने पक्के करायचे, बिजागरी सैल करून तेल द्यायचे, आणि एक दिवस तसेच सुकू द्यायचे. मी याचे २,५०० घेतो. शेजाऱ्यांकडून १,८०० घेईन. तुझे ते मॉडेल मी ओळखतो, त्यात मेमरीची दुसरी खाच रिकामी असते. तुझ्याकडे ८ जीबी असावी?

ए-४०१ :
हो, ८ आहे. त्यामुळेच ‘स्नॅप’ रात्री लावून झोपते आणि सकाळी ते अर्ध्यावर अडकलेले सापडते. एक प्रतिमा साधारण एक जीबीची असते, पण प्रत्येक पायरीला ते नवी फाइल बनवते आणि त्या फायली काही जीबींच्या होतात. एम४ एअरच्या सुरुवातीच्या मॉडेलला साठवण २५६ जीबी आहे, हेही आज लक्षात आले. माझा एकट्या उल्हासचा फोल्डर ३४० जीबी आहे.

डी-५०२ :
मग जुन्या लॅपटॉपमधून काढलेली ८ जीबीची पट्टी माझ्याकडे पडून आहे, ती बसवू. नवीच्या आजच्या भावात पडायचे कारण नाही. ज्या लॅपटॉपला तू शिव्या देते आहेस त्याला मागून अकरा स्क्रू काढून मेमरी वाढवता येते, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे. मॅकबुकमध्ये मेमरी चिपबरोबरच बसवलेली येते, आणि आजकाल विंडोजच्या अनेक सडपातळ मॉडेलांतही ती बोर्डावर सोल्डर केलेली असते. घेताना जेवढी घेतली तेवढीच शेवटपर्यंत.

एप्रिलनंतर नवा घेशील तेव्हा दुकानात तीन गोष्टी कर. झाकण एका बोटाने मधोमध उघडून बघ. खालचा भाग सोबत उचलला गेला तर बिजागरी गरजेपेक्षा घट्ट आहे. मेमरीची खाच आहे का हे विक्रेत्याच्या तोंडावर विसंबून ठरवू नकोस. थिंकपॅडची दुरुस्ती पुस्तिका लेनोवो सर्वांसाठी खुली ठेवते, तिच्यात कोणता स्क्रू कुठला हेसुद्धा दिलेले असते. ती फोनवर उघडून तपास. आणि तुझी स्वतःची फाइल पेनड्राइव्हवर नेऊन तिथेच चालवून बघ. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरे दुकान.

बी-२०३ :
आणि ज्या कंपनीचे सेवा केंद्र कल्याण-ठाण्याच्या अलीकडे आहे, तिला माझे एक मत जास्त. तीन आठवडे वाट पाहायला लावणारे केंद्र कोणत्याही कंपनीचे असू शकते. निदान तिथे जाऊन उभे राहता आले पाहिजे.

ए-४०१ :
सर्वांचे मनापासून आभार. मी असे ठरवले आहे : आत्ता बिजागरी आणि मेमरी करून घेते, हेक-रासची मोठी गणिते प्रयोगशाळेच्या संगणकावर लावते, आणि एप्रिलपर्यंत नवे काही घेत नाही. त्यानंतर कंपनी बदलणार हे नक्की आहे, दादाच्या दोन लॅपटॉपनंतर माझा तेवढा हट्ट राहू द्या. पण कार्यालयीन मालिकेतलाच घेईन. पीएच.डी.त सगळे काम गूगल अर्थ इंजिनवर, म्हणजे ब्राउझरमध्येच करायची वेळ आली, तर सी-६०४ मधल्या दादाचा मॅक पुन्हा विचारात घेईन.

डी-५०२ :
शनिवारी सकाळी नऊला पार्किंगमध्ये दे. चार्जर सोबत असू दे, आणि आधी सगळ्याची प्रत काढून ठेव. ती क्लिपही घेऊन ये; इपॉक्सी सुकेपर्यंत दाब द्यायला चांगली आहे.

ए-४०१ :
प्रत आज रात्रीच काढायला घेते. बी-२०३ मधले काका, तुमची एक टीबीची हार्ड डिस्क रविवारपर्यंत मिळेल का? लग्नाचा व्हिडिओ त्यात जसाच्या तसा राहील.