मटेरियल यूआयची थीम मराठीसाठी: दुरुस्त करावी की स्वतःची लायब्ररी लिहावी?

पाणंद: आम्ही तिघं पतसंस्थांसाठी रिॲक्टमध्ये (वेबपानं घडवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) सॉफ्टवेअर करतो. कोड एकच, पण प्रत्येक संस्थेला आपापला रंग हवा, डार्क मोड हवा, आणि पडद्यावर सगळं मराठीत. सध्या मटेरियल यूआय आहे, म्हणजे बटणं-मथळे असे तयार घटक देणारी लायब्ररी. बटणांवर शिरोरेघ तुटते, एका ओळीत बसवलेल्या मथळ्यांच्या वेलांट्या वरून कापल्या जातात. स्वतःची लायब्ररी लिहावी का?

अंगण: थांबा, आधी थीम बघा, म्हणजे लायब्ररीतले रंग आणि अक्षरांची मापं जिथे ठरतात ती जागा. शिरोरेघ तुटते ती लेटर-स्पेसिंगमुळे, म्हणजे अक्षरांमधल्या जादा अंतरामुळे. मूळ थीममध्ये बटणाला ०.०२८५७ एम (अक्षराच्या आकाराच्या पटीतलं माप) अंतर दिलंय. रोमन अक्षरांना ते शोभतं, आपल्या अक्षरांत फट पडते. टायपोग्राफीत एकदाच शून्य करा, सगळी बटणं सुधारतील. एच१ ची, म्हणजे मुख्य मथळ्याची, लाइन-हाइट (ओळीची उंची) १.१६७ आहे, ती १.५ च्या आसपास न्या. वर रफार-अनुस्वार, खाली उकार, या सगळ्यांना जागा लागते हो. फॉन्ट मुक्ता घ्या, मोफत आहे आणि देवनागरीसाठी मनापासून घडवलाय.

पाणंद: बटणं सुधारली, खूप आभार! आता रंग. आम्ही कोडभर हेक्स कोड (# ने सुरू होणारे रंगांचे क्रमांक) लिहून ठेवलेत. एका संस्थेला हळदीसारखा पिवळा हवाय आणि त्यावरची पांढरी अक्षरं वाचताच येत नाहीत.

सांजवेळ: हे दुखणं आम्हीही काढलंय. टोकनला, म्हणजे रंगाची किंमत साठवणाऱ्या नावाला, रंगाचं नाव देऊ नका, कामाचं द्या: पृष्ठभाग, मुख्य कृती, मुख्य कृतीवरचा मजकूर, धोका. संस्था बदलली की फक्त किमती बदलायच्या. आवृत्ती ६ पासून मटेरियल यूआय थीम सीएसएस व्हेरिएबल्समध्ये (एका जागी बदलल्या की सगळीकडे बदलणाऱ्या किमती) देतं, एक पर्याय चालू करावा लागतो. मजकूर काळा की पांढरा हेही ते स्वतः ठरवतं, मात्र कॉन्ट्रास्टची, म्हणजे मजकूर आणि मागचा रंग यांतल्या उजेडाच्या फरकाची, मूळ मर्यादा ३ (म्हणजे ३:१) आहे. साध्या मजकुराला डब्ल्यूसीएजी (वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीचे निकष) ४.५:१ मागतं, तेव्हा ती ४.५ करा. खातेदारांत चाळिशीचा चष्मा लावणारे कितीतरी असतात, त्यांच्यासाठी एवढं कराच.

लायब्ररी सोडायचीच झाली, तर बटण आणि कार्ड खुशाल लिहा. ड्रॉपडाउन, मोडल (पानावर उघडणारी चौकट), कॅलेंडर मात्र नको. कीबोर्डचा फोकस आणि स्क्रीन रीडर (पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) सांभाळण्यात महिने जातात. ॲडोबीची रिॲक्ट आरिया (React Aria) ही लायब्ररी घ्या: वागणं तिचं, रूप तुमचं.

अंगण: डार्क मोडमध्ये पान उघडताना पांढरा झटका बसत असेल, तर थीमचं नाव हेडमधल्या छोट्या स्क्रिप्टनं लावा. रिॲक्ट सुरू होईपर्यंत उशीर होतो.

पाणंद: हो, बसतो! मग लायब्ररी तीच ठेवतो. आधी हेक्स कोड उपसतो, पिवळ्या संस्थेपासून सुरुवात.

सांजवेळ: स्टाइललिंटमध्ये (सीएसएस तपासणारं साधन) हेक्स अडवणारा नियम आहे, तो आजच लावा. नाहीतर एकीकडे उपसाल आणि दुसरीकडे भरत जातील.