प्रतिसाद: लोहाच्या गोळ्या बंद करू नका

वर ज्या ताईंनी लिहिलंय की पाचवा महिना आहे, शी काळी होते आणि सासूबाई म्हणतात बाळ काळं होईल म्हणून गोळ्या थांबवल्या, त्यांच्यासाठी. मी नाशिकमधे नर्स आहे, पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागांवर कामाला आलेल्या बायकांपासून कॉलेजरोडच्या इंजिनिअरपर्यंत सगळ्या हेच विचारतात. शी काळी होते कारण न शोषलेलं लोह बाहेर पडतं, बाळाच्या रंगाशी त्याचा काहीएक संबंध नाही.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया, अंगात रक्त कमी, आणि मग डिलिव्हरीत थोडं रक्त गेलं तरी बाई सावरत नाही, जीव तुटतो हो बघताना. सरकारी गोळीत ६० मिलीग्रॅम लोह असतं, चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस. चहासोबत अजिबात नको, कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवा, लिंबूपाणी चालेल. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात फुकट तपासणी असते, सासूबाईंनाही सोबत न्या, तिथल्या सिस्टर नीट समजावतील त्यांना.