हृदयातली मेटलची मायट्रल झडप: व्यायाम कधी, किती?

प्रश्न: वडिलांची (वय ५४) मायट्रल झडप बदलून ७ आठवडे झाले. झडप मेटलची, रक्त पातळ ठेवायची गोळी असिनोकुमॅरॉल. चालणं किती वाढवायचं? सूर्यनमस्कार कधीपासून? पालेभाजी बंदच का?

प्रतिसाद १: सपाट रस्त्यावर दिवसातून दोनदा चालू द्या, दर २-३ दिवसांनी ५ मिनिटं वाढवा. चालताना बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी. सूर्यनमस्कार, दंड, भुजंगासन १२ आठवड्यांपर्यंत नकोच. ऑपरेशनमध्ये कापलेलं छातीचं हाड तारेने बांधलेलं असतं, भार हातांवर आला की ते ओढलं जातं. पाण्याची भरलेली बादली याच यादीत. हाडात ‘कट’ असा आवाज आला किंवा जखमेतून पाणी आलं तर लगेच सर्जनला दाखवा. नंतरही श्वास रोखून वजन उचलायचं नाही. कबड्डी कायमची बंद, रक्त पातळ असतं.

प्रतिसाद २: पालेभाजी बंद करू नका! मेथी-पालकातल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम कमी होतो, म्हणून प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवा. महिनाभर बंद आणि मग श्रावणात रोज, यानेच आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) बिघडतो. मायट्रलला तो सहसा २.५ ते ३.५ ठेवतात. गोळी रोज ठरल्या वेळी. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन नाहीत.

प्रतिसाद ३: अंगदुखीला मनाने डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ नका, रक्तस्राव होतो. दात काढण्यापूर्वी अँटिबायोटिक लागतं, डेंटिस्टला झडपेचं आधीच सांगा. आणि झडपेची टिकटिक रात्री ऐकू येते, ती नॉर्मल!